शेवटचं पक्कं पाऊल

बायको गेली तेव्हापासून मी जमिनीकडे बघत चालतो. लोकांना वाटतं म्हातारा दुःखात आहे म्हणून मान खाली. दुःखात आहेच. पण खाली बघायचं कारण वेगळं आहे. मला तिचं एक पाऊल पाहिजे. घरात फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्याला प्लास्टिकचा हार घातलाय. तो तिच्यासारखा दिसत नाही. पोलिसाने धरून आणलेल्या बाईसारखा दिसतो. मला फोटो नको. मातीतलं पाऊल पाहिजे, टाच, चवडा, बोटं, सगळं असलेलं. ती इथून चालत गेली होती एवढं सांगणारं.

हे वेड वाटेल, म्हणून आधी आम्ही काय काम करत होतो ते सांगतो.

पनवेलच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. जमीन कुणालाच नाही. तरणा होतो तेव्हा सशाच्या, डुकराच्या मागावर रानात फिरलो. ते बंद झालं. मग दुसऱ्याच्या शेतात लावणी, आणि पाऊस सरला की वीटभट्टी. मी चौथीपर्यंत शिकलो. ती शाळेत गेलीच नाही. आमच्यासारख्यांना म्हातारपणी कोण कामाला ठेवतो? भट्टीचा मुकादमसुद्धा हाड बघून घेतो. पण आम्हाला म्हातारपणी एक काम मिळालं. पळायचं काम.

फौजेतून रिटायर झालेला एक साहेब आहे. घाटावरचा. पोलिसांच्या आणि जवानांच्या तुकड्या त्याच्याकडे शिकायला येतात. माणूस रानातून पळाला तर कुत्रं न घेता, यंत्र न घेता, नुसत्या डोळ्यांनी त्याचा माग कसा काढायचा, हे तो शिकवतो. मोडलेलं गवत, पालथा झालेला दगड, दव पुसलेलं पान, आणि पाऊल. पावसाळा संपला की आमच्या डोंगराखालच्या पडीक जागेत त्याचे तंबू लागतात. माग काढायचा तर पुढे कोणीतरी पळणारं पाहिजे. त्याला बूट घालणारा माणूस नको होता, अनवाणी चालणारा पाहिजे होता. वाडीतली तरणी माणसं सगळी उलव्याला बांधकामावर, नाहीतर जासईला कंटेनरच्या यार्डात. उरलो आम्ही.

साहेब आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "मामा, सकाळी निघायचं, रानात फिरायचं, कुठेतरी जाऊन बसायचं. माझी टीम तुम्हाला शोधणार."

"आनि सापडलो तं?"

"सापडलात तर चहा."

बायको आत चुलीपाशी होती. तिथून म्हणाली, "आनि नाय सापडलो तं उपाशी काय?"

साहेब हसला. "मावशी, तुम्ही पण या."

"मी कनाला? मी काय चोरी केली हाय?"

"माझी तंबाखू कोन लपवतं मग?" मी म्हणालो.

"ती लपवली नाय, टाकली," ती म्हणाली. "शोधा आता. माग काढा."

असं ते काम सुरू झालं.

मला जनावराचा माग येत होता. माणसाचा साहेबाने शिकवला, हे सांगितलं पाहिजे. माझा समज होता की पाऊल डोक्यावर उजेड असताना चांगलं दिसतं. साहेब म्हणाला, उलटं आहे मामा. सूर्य तिरका पाहिजे, आणि पाऊल तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये पाहिजे, म्हणजे खळग्यात सावली पडते. मी बसून बघितलं. खरंच, जिथे नुसती माती होती तिथे टाच दिसायला लागली. त्याच्याकडे एक काठी होती, तिच्यावर रबराची कडी चढवलेली. एका पावलाच्या टाचेपासून दुसऱ्या पावलाच्या टाचेपर्यंत काठी धरायची आणि तिथे रबर सरकवायचं. ती त्या माणसाची ढांग. मग पुढचं पाऊल दिसत नसलं तरी काठी फिरवली की कुठे असायला पाहिजे ते कळतं. मला त्याने तशी एक काठी करून दिली. तिच्यावर दोन रबरं होती, एक माझ्या ढांगेचं, एक तिच्या.

आणखी एक नियम त्याने सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. माग हरवला तर इकडे तिकडे धावायचं नाही. जे शेवटचं पाऊल शंभर टक्के त्याच माणसाचं आहे, ते शेवटचं पक्कं पाऊल. तिथे एक जण उभा करायचा. बाकीचे पुढे शोधतात. उभा असलेल्याने तिथून हलायचं नाही, ऊन असो, मुंग्या असोत. पुढचं पाऊल सापडलं की त्याला हाक मारतात, तेव्हाच तो जागा सोडतो. आणि उद्यापर्यंत ठेवायचं असेल तर पावलावर घमेलं पालथं घालायचं, म्हणजे वारा, कोंबड्या, कुत्री काही बिघडवत नाहीत.

मी लपायचो म्हणजे नीट लपायचो. दगडावरून उड्या मारायचो, ओहोळातून उलटा चालायचो. मी लवकर सापडायचो. पळणाऱ्या माणसाला सगळे ओळखतात. ती सापडायला उशीर व्हायचा, कारण ती पळायचीच नाही. निघायची, वाटेत सुक्या काटक्या दिसल्या की वळायची, कुठे कुड्याच्या शेंगा, कुठे करटुली, असं करत रानभर फिरायची. जवानांचा माग गोल गोल फिरून परत तिथेच यायचा. शेवटी सापडली तर झाडाखाली पत्रावळ्या टाचत बसलेली, बाजूला मोळी. एकदा एक हवालदार घामाने भिजून तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही लपायचं होतं."

"लपले होते की. तुमी आलात म्हनून उठले," ती म्हणाली. "आता आलाच हात तं मोळी उचला."

त्याने उचलली.

तिचं पाऊल ओळखायला सोपं होतं. भट्टीवर गरम वीट पडून डाव्या पायाची करंगळी वर उचलली गेली होती, जमिनीला लागायची नाही. डावं पाऊल चार बोटांचं. जवान तिला चार बोटंवाली मावशी म्हणायचे. ती रागवायची नाही. "माझ्या आयने पाच दिली होती," म्हणायची, "एक मुकादमाला दिलं."

गेल्या हिवाळ्यात तिचा माग बदलला.

मी तिच्या मागे चालत होतो. काठी टेकली तर रबर पुढे जायला लागलं, ढांग आखूड. टाच खोल आणि चवडा पसरट. आणि मध्ये मध्ये दोन्ही पाय जवळ जवळ, म्हणजे थांबलेली. काटक्या नव्हत्या तिथेही थांबलेली. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं, काय धावू काय?" संध्याकाळी साहेबाने मला तंबूबाहेर बोलावलं. त्यालाही दिसलं होतं.

"मामा, मावशीच्या पायाला सूज आहे का? वजन टाचेवर येतंय. श्वासासाठी थांबतात असं वाटतंय मला. उद्याच दवाखान्यात न्या."

त्याच्याच जीपने नेलं. पनवेलच्या डॉक्टरने पायावर बोट दाबलं, खळगा पडला आणि तसाच राहिला. मातीत राहतो तसा. डॉक्टर म्हणाला, हृदय मोठं झालंय, दमलंय, पाणी उपसत नाही. गोळ्या दिल्या. मी विचारलं, आम्ही लवकर आणलं ना? तो म्हणाला, हो, वेळेत आणलंत. चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. पण पुढे म्हणाला, लवकर आणलं म्हणून फार फरक पडेल असं नाही बाबा, दुखणं जुनं आहे.

म्हणजे मी वाचलं, साहेबाने वाचलं, डॉक्टरने वाचलं. सगळ्यांनी बरोबर वाचलं. तरी ती चाललीच होती. मग त्या वाचण्याचा उपयोग काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मुलगी आली होती. आम्हाला ती एकच, जासईला दिली आहे, जावई ट्रेलर चालवतो. ती तिकडून गाडी घेऊन आली. बायको ओट्यावरून उतरली. पाण्याच्या पिंपाशी कायम ओल असते, तिथे तिने डावा पाय टाकला, थांबली, दम खाल्ला, आणि गाडीत बसली. बघितलं तर पाऊल सुरेख उमटलं होतं. सुजेमुळे रुंद, पण चारही बोटं मोजून घ्यावीत अशी. मी भिंतीला लावलेलं घमेलं घेतलं आणि त्याच्यावर पालथं घातलं.

ती गाडीतून बघत होती. "ये काय करता?"

"शेवटचं पक्कं पाऊल. तू येशील तवा काढीन."

"आनि नाय आले तं? पूजा करनार काय त्याची? हळद-कुंकू वाहा."

"बाबा, आत्ता हे कशाला," मुलगी म्हणाली.

"असू दे गो," बायको म्हणाली. "त्यान्ला तेवरंच येतं."

मग गाडी निघाली. हे तिचं वाडीतलं शेवटचं बोलणं. दवाखान्यात ती बोलली ते नळी आणा, नळी काढा, पाणी, एवढंच. तिथल्या फरशीवर पाऊल उमटत नाही. मी बघितलं होतं. दिवसभर माणसं येतात जातात आणि बाई येऊन ओल्या फडक्याने पुसून टाकते.

तिला गाडीतून परत आणलं तेव्हा वाडी सगळी अंगणात जमली होती. पै-पाहुणे, जावयाकडची माणसं, भट्टीवरच्या बाया. तिला ओट्याखाली ठेवलं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो आणि एकदम आठवलं. पिंपाकडे बघितलं. घमेलं नव्हतं. कोणीतरी शेणाला नेलं होतं, सारवायला. त्याचं काही चुकलं नाही. मरणाच्या घरी सारवायला शेण लागतं, शेणाला घमेलं लागतं, पालथं पडलेलं दिसलं, उचललं. तिला आंघोळ घालायला पाणी लागतं, ते त्याच पिंपातून काढलं. जो तो पिंपाशी गेला. तिथे चिखल झाला होता आणि चिखलात सगळ्या गावाचे पाय होते. मी वाकून बघितलं. तिच्या आंघोळीच्या पाण्यानेच तिचं पाऊल गेलं.

साहेब आला होता. त्याने मला पिंपाशी वाकलेलं बघितलं, काय झालं ते त्याला कळलं. बाकी सगळे चिखलातून चालले होते. तो लांबून वळसा घालून आला. आता वाचवायला काही नव्हतं तरी त्याने त्या जागेवर पाय ठेवला नाही.

मग मी घरात शोधलं. चप्पल होती, दवाखान्यासाठी घेतलेली, तिच्यावर पाऊल बसलंच नव्हतं. चुलीपुढची जमीन बायांनी सारवून टाकली होती. परसात भाजीचा वाफा होता, तिथे कोंबड्यांनी उकरलं होतं. मला भट्टी आठवली. लग्न होऊन नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. कच्च्या विटा वाळत घातलेल्या असतात, त्यांच्यावरून कुत्री जातात, कावळे चालतात, ते ठसे तसेच भाजले जातात. ती डोक्यावर माती घेऊन चालली होती, तोल गेला आणि पाय विटेवर पडला. मुकादम ओरडला. ती विटेकडे बघून म्हणाली, "राहू द्या, भाजली का पक्की व्हईल." तेव्हा तिला पाच बोटं होती. ती वीट भाजली, ट्रकात भरली आणि गेली. कुठे गेली? पनवेल, खांदेश्वर, उरण, त्या काळी जिथे बांधकाम चालू होतं तिथे. कोणाच्या तरी भिंतीत ते पाऊल आहे, प्लास्टरच्या आत, उभं. त्या भिंतीवर आता टीव्ही लावलेला असेल. मी पनवेलला गेलो की जुन्या इमारतींच्या पोपडे गेलेल्या भिंतींकडे बघतो. वॉचमन हाकलतात.

बाराव्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आमच्यात पीठ मांडतात. मेलेलं माणूस घरात जिथे निजायचं तिथे जमीन सारवून तांदळाचं पीठ पसरायचं, बाजूला दिवा ठेवायचा आणि वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उघडतात आणि पिठात काय उमटलंय ते बघतात. गाईचं खूर दिसलं तर गाय झाली, पाखराचे पाय दिसले तर पाखरू झालं. दुसऱ्यांच्या घरी मी हे पुष्कळदा बघितलं होतं. त्यावर माझा विश्वास होता का? सांगता येत नाही. लोक वाकून बघायचे, म्हणायचे हे बघा खूर, आणि मला तिथे झुरळाचा माग दिसायचा. मी गप्प राहायचो.

पण आपल्या घरी मांडलं तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, गाय नको, पाखरू नको, मला काही कळायची गरज नाही. चार बोटं उमटव. एवढं कर. पीठ मी स्वतः चाळून पसरलं. साहेबाच्या तंबूपुढे रेतीचा पट्टा असतो, त्याच्यावर चालवून जवानांना ठसे दाखवतात. तो रोज सकाळी मीच फळीने सारखा करायचो. तसं पीठ केलं. एक रेघ राहू दिली नाही. मुलीने टोपली आणून दिली, कोंबड्या झाकायची, तिच्या आईचीच.

सकाळी उन्हं आत आली तेव्हा सगळे जमले. माझी वडील बहीण होती, शेजारचा म्हातारा होता, जावई दाराशी उभा होता. बहिणीने टोपली उचलली.

"बाय माझी," ती म्हणाली. "पाखरू झाली."

सगळे वाकले. पिठात पाखराचे पाय होते, तीन बोटं पुढे, एक मागे. चार-पाच ठसे, मधोमध.

"कावळा हाय का चिमनी?" कोणीतरी म्हणालं.

"कावल्याचं येवरं लहान नसतं."

"जलमभर कोंबड्या पालल्या," बहीण म्हणाली. "कोंबडीच झाली आसंल."

शेजारचा म्हातारा दाराकडे बघून म्हणाला, "कोंबडी नको म्हना. जावय घरात हाय."

दोघी-तिघी बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जावईही हसला, मग मुलीकडे बघून गप्प झाला. बहीण मला म्हणाली, "तू बघ. तुला त्यातलं कळतं. पोलिसान्ला शिकवतोस ना? सांग काय हाय."

मी गुडघ्यावर बसलो. उजेड दारातून तिरका येत होता, साहेब सांगतो तसा. मी ठसे माझ्या आणि उजेडाच्या मध्ये घेतले.

पाखरू चालतं तेव्हा बोटांच्या टोकाला भार येतो, नखं रुततात, मागचं बोट जरा घासतं. हे ठसे सरळ वरून दाबलेले होते, सगळी बोटं सारखी खोल. पाखरू कुठून तरी येतं आणि कुठे तरी जातं. हे कुठूनच आलं नव्हतं आणि कुठेच गेलं नव्हतं, मधल्या मधे उभं होतं. टोपलीच्या काठाबाहेर सारवलेल्या जमिनीवर पिठाचा पुसट डाग होता, तिथे कोणीतरी गुडघा टेकला होता. आणि प्रत्येक ठशात मधलं बोट जरा डावीकडे वाकलेलं. माझ्या मुलीचं उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणी दारात सापडलं होतं. तेव्हापासून तसंच आहे.

मी मान वर केली. ती चुलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात पदराखाली होता.

मी परत खाली बघितलं. तिच्या बोटांच्या ठशांमध्ये, बाजूला, काठापर्यंत, सगळं पीठ बघितलं. कुठे काही असेल, तिच्या हाताखाली गेलं असेल, उरलं असेल. पीठ मी पसरलं होतं तसंच सारखं होतं. कोणी आलं नव्हतं.

"पाखरूच हाय," मी म्हणालो.

"बघ," बहीण म्हणाली. "सुटली."

मुलीने पीठ गोळा करून नदीत सोडलं. परत आल्यावर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, आता रोज खाली बघत फिरू नका. आई पाखरू झाली ना. वर बघा." मी बरं म्हणालो. मी तिला ओळखलं हे तिला कळलं का नाही, ते मला कळलं नाही. विचारणार कसं? विचारलं तर तिच्याकडे काय उरतं?

वर बघितलं तर आता विमानं जातात. उलव्याच्या बाजूने येतात, चाकं काढून, वाडीवरून.

पाऊस संपला. साहेबाचे तंबू लागले. तो स्वतः आला आणि म्हणाला, "मामा, नाही जमलं तर दुसरं कोणी बघतो." मी म्हणालो येतो. त्याला वाटलं मन रमवायला येतोय. मला त्या रानात जायचं होतं कारण तिथे ती गेल्या हिवाळ्यात चालली होती. पावसाळा वरून गेलाय, तिथे काय राहणार? हे मलाच जास्त माहीत. तरी गेलो.

सकाळी काठी न घेता निघालो. पळणाऱ्याला काठीचं काम नाही, आणि तिच्यावरचं दुसरं रबर बघवत नाही. नेहमीची वाट, ओहोळ, मग आंब्याखालची रुंद वाट, मग चढण. सगळीकडे खाली बघत गेलो. ढोरांचे माग होते, रानडुकराचा एक जुना होता, करटुलीच्या वेलाला तिने दगड लावून ठेवला होता, तो वेल वाळून गेला होता. दगड होता. दगड माझ्या उपयोगाचा नाही. शेवटी चढणीवरच्या मोठ्या कातळामागे जाऊन बसलो.

तुकडी आली ती पोलिसांची होती. त्यांच्यात एक मुलगी होती, तीच पुढे. साहेब त्यांच्या मागे, नेहमीसारखा काही न बोलता. कातळाच्या फटीतून मला ते दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं.

"सर, दोन जण आहेत," ती मुलगी म्हणाली.

बरोबरचा पोलीस म्हणाला, "काहीही. ठसे एकाचेच आहेत पहिल्यापासून."

"ठसे एकाचे आहेत, पण हा चाललाय कसा बघ ना. एवढी रुंद वाट, आणि हा उजव्या कडेने, पार काट्यात घुसलाय. आंब्याखाली पण तसंच. डावी बाजू पूर्ण सोडलीये. एकटा माणूस मधून चालतो."

"सवय असेल."

"आणि हे बघ. इथे थांबलाय, पायाची बोटं डावीकडे वळलीत. मागे पण दोनदा असंच होतं. कोणासाठी तरी थांबतोय हा. शेजारी कोणीतरी आहे."

"मग त्याचा ठसा कुठाय?"

"हलकं माणूस असेल. बाई असेल."

मला हे माहीत नव्हतं. आपण कसे चालतो ते आपल्याला दिसत नाही. मी कातळामागे बसून माझ्या पायांकडे बघितलं.

साहेबाला मी कुठे आहे ते माहीत होतं. त्याने कातळाकडे बघितलं आणि त्यांना थांबवायला तोंड उघडलं. मी फटीतून हात दाखवला. नको. शोधू दे.

तो तसाच उभा राहिला.

त्यांनी एका पोलिसाला माझ्या शेवटच्या पक्क्या पावलापाशी उभं केलं. बाकीचे वाटेच्या डाव्या बाजूला पसरले. शिकवलं होतं तसं सगळं केलं. सूर्याकडे तोंड करून गाल जमिनीला लावून बघितलं. पान न् पान उचललं. काठ्या माझ्या ढांगेपेक्षा आखूड धरून अर्धगोल फिरवल्या. किती वेळ शोधत होते. मी बघत होतो. नाहीच तर कुठून सापडणार, हे मला कळत होतं. तरी ती मुलगी गुडघ्यावर बसून म्हणाली, "सर, इथे..." तेव्हा मी कातळ घट्ट धरला.

ती आणखी खाली वाकली. "नाही सर. ढोराचं आहे."

मग उठून तिने हात झटकले. "दुसरं कोणी नाही, सर. एकटाच आहे."

"नक्की?" साहेबाने विचारलं.

"नक्की, सर."

मी कातळामागून बाहेर आलो. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी म्हणालं, सापडले मामा. थर्मासमधून चहा ओतला. ती मुलगी माझ्याजवळ आली.

"मामा, तुम्ही सगळीकडे डावी बाजू का सोडली होती?"

"काटं होतं तिकरं," मी म्हणालो.

तिने माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. पोटरीवर ओरखडे होते, रक्त सुकलं होतं. तिने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि मला चालायला वाट सोडून बाजूला झाली.

खाली वाटेवर तो पोलीस अजून उन्हात उभा होता, माझ्या पावलापाशी, नियमाप्रमाणे. साहेबाने त्याला हाक मारली, ये रे, झालं. तो लगेच धावत आला.

मला अजून कोणी हाक मारलेली नाही.